शताब्दीचा मंडप आणि धर्मविद्यापीठें

एखाद्या संस्थेस शंभर वर्षें भरत आलीं कीं समिति स्थापन होते, आणि समितीपुढें पहिला प्रश्न येतो तो मंडपाचा. पाहुणा कोण आणावयाचा, स्मरणिकेंत संदेश कोणाचे छापावयाचे, पुतळा कोठें बसवावयाचा, यांतच बैठका सरतात. एखाद्या पेढीच्या शताब्दीस ही रीत चालून जाईल. परंतु जें विद्यापीठ धर्माचें नांव घेऊन उभें राहिलें, त्यानेंही तीच उचलावी हें आम्हांस मुळींच मान्य नाहीं. अशा विद्यापीठाच्या उत्सवांत आत्मपरीक्षण हें मुख्य कार्य असावयास हवें. बाकी सर्व सोयीचा भाग होय.

याचें प्रमाण काशीच्या हिंदु विश्वविद्यालयाच्या जन्मकथेंतच आहे. ४ फेब्रुवारी १९१६ रोजीं व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंज यांनीं त्याची कोनशिला बसविली. पंडित मदनमोहन मालवीयांनीं दारोदार हिंडून द्रव्य जमविलें होतें, आणि दात्यांत संस्थानिक पुष्कळ होते; तेव्हां समारंभास राजेरजवाड्यांची गर्दी झाली यांत नवल नाहीं. ६ तारखेच्या सभेचे अध्यक्ष दरभंग्याचे महाराज होते. आफ्रिकेंतून परतून ज्यांस जेमतेम वर्ष लोटलें होतें, ते गांधीजी त्या सभेंत बोलावयास उभे राहिले. या पवित्र नगरींत आपल्याच बांधवांशीं परक्या भाषेंत बोलावें लागतें याची लाज वाटते, असें त्यांनीं आरंभींच सांगितलें. मग विश्वनाथाच्या देवळाभोंवतालच्या गल्ल्यांतील घाण, राजांच्या अंगावरील जडजवाहीर, व्हाइसरॉयसाठीं जागोजाग पेरलेले गुप्त पोलीस, असे एकेक विषय ते काढीत गेले. ज्यांचें सेंट्रल हिंदु कॉलेज या विद्यापीठाचें बीज ठरलें, त्या ॲनी बेझंट बाईंनीं त्यांस थांबावयास सांगितलें. श्रोत्यांपैकीं कित्येक ‘बोला, बोला’ म्हणाले. अखेर राजेलोक व खुद्द अध्यक्ष उठून गेले आणि सभा मोडली.

व्यवस्थापकाच्या दृष्टीनें याहून मोठा बेरंग कोणता? पण त्याचें फळ पाहा. त्या वर्षीं विनायक नरहर भावे नांवाचा वीस वर्षांचा एक मराठी तरुण इंटरची परीक्षा सोडून काशीस आला होता. त्यानें त्या भाषणाचा वृत्तान्त वर्तमानपत्रांत वाचला, गांधीजींशीं पत्रव्यवहार केला, आणि ७ जून १९१६ रोजीं तो अमदाबादेजवळ कोचरबच्या आश्रमांत त्यांस भेटला. त्यालाच पुढें देश विनोबा म्हणूं लागला. त्या सोहळ्यांतील गौरवाचीं भाषणें आज कोणास आठवत नाहींत. आठवतें तें हें एकच.

यावर कोणी म्हणेल कीं मंगल प्रसंगीं दोष काढणें अप्रशस्त आहे. देणगीदार दुखावले तर संस्था चालावी कशी? आक्षेप पोकळ नाहीं. मालवीयांची त्या दिवशीं किती कुचंबणा झाली असेल, हें ज्यानें वर्गणीची वही घेऊन चार उंबरे झिजविले असतील त्यासच कळेल. परंतु त्या भाषणानें विद्यापीठ बुडालें नाहीं. उलट १९४२ च्या जानेवारींत रौप्यमहोत्सवास त्याच विद्यापीठानें त्याच वक्त्यास बोलाविलें, आणि त्यानेंही इंग्रजीच्या वर्चस्वाबद्दल पुन्हा कान उघडले. ज्यानें एकदां बोल लावले त्यासच पुन्हा व्यासपीठावर आणावयास संस्थेला आपल्या कार्यावर विश्वास असावा लागतो.

२०१६ सालीं या विद्यापीठास शंभर वर्षें झालीं. पुढच्याच वर्षीं, सप्टेंबरांत, एका विद्यार्थिनीच्या विनयभंगानंतर मुली सुरक्षिततेसाठीं सिंहद्वाराशीं धरून बसल्या, आणि रात्रीं विद्यापीठाच्या आवारांत लाठीमार झाला. ज्या विद्यापीठाच्या १९१५ च्या कायद्यानें त्याचीं दारें सर्व जातींच्या व पंथांच्या लोकांस मोकळीं ठेविलीं, तेथें २०१९ सालीं संस्कृताच्या एका मुसलमान अध्यापकाची रीतसर निवड झाली असतां कांहीं विद्यार्थ्यांनीं धरणें धरलें. अधिकाऱ्यांनीं निवड योग्य ठरविली, तरी अखेर त्यास दुसऱ्या विद्याशाखेंत जावें लागलें. धर्माच्या विद्यापीठांत स्त्री निर्भय आहे काय, आणि विद्येस जात-धर्म आहे काय, हे प्रश्न शंभर वर्षें भरलीं म्हणून मिटत नाहींत. ते मंडपांत विचारले नाहींत तर दारांत येऊन बसतात.

म्हणून ज्या धर्मविद्यापीठांच्या शताब्द्या यावयाच्या आहेत, मग तीं हिंदूंचीं असोत, मुसलमानांचीं असोत कीं ख्रिस्त्यांचीं, त्यांच्या समित्यांस आमचें तीन गोष्टींचें सांगणें आहे. पहिली ही कीं स्थापनेच्या कायद्यांतील व घोषणांतील एकेक वचन घेऊन तें किती पाळलें याचा जाहीर हिशेब छापावा, आणि स्मरणिका त्याच्यामागून काढावी. दुसरी, ज्यांस या शंभर वर्षांत दाराबाहेर उभें राहावें लागलें त्यांस सन्मानानें बोलवावें. तिसरी, एक तरी वक्ता असा आणावा कीं ज्याचें भाषण आधीं तपासून घेतलेलें नाहीं. त्याच्या भाषणांत कोणी उठून गेल्यास समितीनें खेद मानूं नये. काशीस अध्यक्षच उठून गेले होते, आणि विद्यापीठ उभेंच राहिलें.