मेला सेल, सजा यंत्राला

दाढीच्या यंत्रात बॅटरी डाग देऊन पक्की करणारा आणि वरून बॉडी सीलबंद करणारा कारखानदार गिऱ्हाइकाला लुबाडतो, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे. चार्ज होणारा सेल झिजतोच. तो रसायनाचा स्वभाव आहे, त्याबद्दल माझं कुणाशी भांडण नाही. शेकडो वेळा भरला-रिकामा झाला की त्याची साठवण घटते, अंतर्गत रोध वाढतो आणि पातं राठ केसांत शिरलं की व्होल्टेज खाली बसतं. यंत्र केस कापायचं सोडून उपटू लागतं. मोटर शाबूत, चार्जर शाबूत, पाती नवी घालता येण्यासारखी. मेलेला असतो तो फक्त सेल. तो आधी मरणार हे कारखानदाराला आराखडा काढतानाच ठाऊक असतं, आणि तरीही तो त्या सेलला झाकण ठेवत नाही.

पात्यांच्या बाबतीत मात्र हाच कारखानदार किती दक्ष! जाळी आणि पाती दीड-दोन वर्षांनी बदला, असं माहितीपत्रकात छापलेलं असतं. त्यासाठी डोकं बोटांनी दाबून सुटेल अशी खटकी असते आणि सुटा भाग दुकानात मिळतो, तोही चांगल्या चढ्या भावानं. म्हणजे झिजणारा भाग गिऱ्हाइकाला बदलता यावा असं यंत्र बनवण्याची अक्कल त्याच्याकडे आहे. ती अक्कल सेलपाशी येऊन थांबते, कारण सेल बदलता आला तर नवं यंत्र कोण घेणार?

त्याच माहितीपत्रकाची शेवटची पानं वाचा. बऱ्याच शेव्हरच्या पुस्तिकांत बॅटरी कशी काढायची याची रीतसर चित्रं असतात: पेच कुठे, मागची बाजू कशी उचकटायची, पट्ट्या कुठे कापायच्या. आणि शेजारी ठळक सूचना असते, की यंत्र टाकून द्यायचं असेल तरच हे करा, कारण ते पुन्हा वापरता येणार नाही. शवविच्छेदनाची कृती छापायला यांना लाज वाटत नाही, इलाजाची छापायला वाटते. बॅटरी बाहेर काढता येते हे यांनीच लिहून दिलंय. मग दुसरी आत बसवता येणार नाही हे कुठल्या भौतिकशास्त्रात बसतं?

माझ्या वडिलांना रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू आहे. ब्लेडनं कापलं तर रक्त लवकर थांबत नाही, म्हणून डॉक्टरांनी विजेवरचं यंत्र वापरायला सांगितलं. हात थरथरतो, पण त्या यंत्राची पकड त्यांच्या हाताला बसली होती. बॅटरी उतरली तेव्हा मी कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात गेलो. काउंटरवरच्या मुलानं यंत्र उघडलंसुद्धा नाही. "काका, याची बॅटरी सुटी येत नाही. जुनं द्या, नव्यावर सूट देतो." त्या मुलावर माझा राग नाही, त्याला हेच पाठ करून दिलेलं असतं. राग आहे तो ‘सेवा केंद्र’ अशी पाटी लावून आत केवळ विक्री करणाऱ्या व्यवस्थेवर. म्हाताऱ्या माणसाच्या सवयीचं यंत्र एका सेलपायी भंगारात घालायचं आणि त्यावर सूट घेऊन खूश व्हायचं, ही अपेक्षा अपमानकारक आहे.

तेच यंत्र पुण्यात तपकीर गल्लीतल्या एका कारागिरानं उघडलं. आत सापडलं ते पेन्सिल सेलच्या मापाचं निकेल-मेटल-हायड्राइड, १.२ व्होल्टचं. जगभर मिळणारा, दोन-तीनशे रुपयांचा माल. दोन्ही टोकांना निकेलच्या पट्ट्या स्पॉट वेल्डिंग करून लावलेल्या, त्या पट्ट्या सर्किटवर डागलेल्या. "काम काहीच नाही साहेब," तो म्हणाला, "उघडू नये याचाच बंदोबस्त केलाय सगळा." पेच ताऱ्याच्या आकाराच्या डोक्याचे, त्यातले काही टोपीखाली लपवलेले आणि उरलेली बॉडी प्लास्टिकच्या आतल्या आकड्यांनी अडकवलेली. ते आकडे पहिल्याच उघडण्यात तुटावेत इतके नाजूक.

यावर कंपन्यांचं ठरलेलं उत्तर आहे: यंत्र नळाखाली धुतलं जातं, पाणी आत शिरू नये म्हणून ते बंद ठेवावं लागतं. हे उत्तर टिकत नाही. मनगटी घड्याळ पाण्यात चालतं आणि त्याचा सेल चौकातला घड्याळजी रबरी कडी तपासून बदलून देतो. पाणबुड्यांच्या टॉर्चचं झाकण फिरवून उघडतं, तिथेही काम करते ती रबरी कडीच. आणि शेव्हरचंच उदाहरण हवं असेल तर ब्राउनचं एम-९० पाहा: दोन साधे पेन्सिल सेल, ते घालायला झाकण, आणि यंत्र वाहत्या पाण्याखाली धुता येतं. जे प्रवासी यंत्रात जमलं ते दहा हजारांच्या यंत्रात जमत नाही, हे मी मानणार नाही. शिवाय धुता येणारी अनेक यंत्रं सुरक्षेसाठी वायर लावलेली असताना चालतच नाहीत. ती खबरदारी योग्यच आहे. पण मग सेल हाच त्या यंत्राचा एकमेव प्राण झाला, आणि तो बदलून देण्याची जबाबदारी दुप्पट झाली.

युरोपीय संघानं २०२३ मध्ये बॅटरीचा नवा कायदा केला. त्याच्या ११व्या कलमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून उपकरणातली छोटी बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः, बाजारात मिळणाऱ्या हत्यारांनी बदलता आली पाहिजे. सुटी बॅटरीही त्या मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यावर किमान ५ वर्षं मिळाली पाहिजे, रास्त भावात. पण याच कलमात एक फट आहे. मुख्यतः पाण्याच्या सान्निध्यात चालणाऱ्या, धुता येणाऱ्या उपकरणांना सुरक्षेच्या कारणानं सवलत मिळू शकते. त्यांची बॅटरी फक्त स्वतंत्र कारागिराला बदलता आली तरी चालेल. शेव्हर आणि टूथब्रश बनवणारे याच फटीतून निसटायला बघणार, यात मला शंका नाही. तरीही कारागिराचं दार तिथे उघडं राहतं. आपल्याकडे तेवढंही नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरून झालेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्चक्रणाला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली, ते चांगलंच झालं. पण ती बॅटरी यंत्र न मोडता बदलता आली पाहिजे अशी सक्ती त्यांत नाही. बॅटरी कचऱ्यात टाकू नका म्हणून फुली मारलेल्या कचरापेटीचं चिन्ह छापायचं आणि बॅटरी प्लास्टिकच्या पोटात गाडून ठेवायची. मग सामान्य माणूस अख्खं यंत्रच कचऱ्यात टाकतो. त्यात लिथियमचा सेल असला आणि तो कचऱ्याच्या गाडीत दबून पेटला तर होरपळतो कचरावेचक, कंपनीचा संचालक नव्हे.

मार्ग बंद केला की माणसं घरीच उचकटायला बसतात, आणि खरा धोका तिथे आहे. १४५०० या मापाचा लिथियम सेल दिसायला हुबेहूब पेन्सिल सेलसारखा, पण ३.७ व्होल्टचा. निकेलच्या जागी तो बसवला तर त्या चार्जिंग सर्किटला तो सांभाळता येत नाही, आग लागू शकते. जुना सेल ज्या जातीचा, नवाही त्याच जातीचा हवा. पट्ट्या आधीच जोडलेला सेल मागून घ्यावा; सेलवर थेट सोल्डरिंग गन टेकवली तर आतलं सील भाजतं. आधी यंत्र चालवून पूर्ण उतरवावं, वायर काढावी, धन-ऋण टोकांचा फोटो काढून ठेवावा. बंद करताना रबरी कडी पुसून सिलिकॉन ग्रीस लावावं. लिथियमच्या सेलला टोकदार हत्यार लावू नये. या चार ओळी कंपनीच्या पुस्तिकेत असायला हव्या होत्या, सोबत बॅटरीचा भाग क्रमांक आणि किंमत. ते छापणं ऐच्छिक ठेवलं तर कुणी छापणार नाही. म्हणून केंद्र सरकारनं ते बंधनकारक करावं: शेव्हर, ट्रिमर, टूथब्रश, सगळ्यांना, धुता येण्याची सबब न ऐकता. आणि ज्या यंत्राची बॅटरी बदलता येत नाही, त्याच्या खोक्यावर किमतीशेजारी तितक्याच मोठ्या अक्षरांत तसं लिहायला लावावं.