भूमिवेधी रडार आणि भंडाऱ्याची जमीन

तलावांचा जिल्हा म्हणून भंडाऱ्याची ख्याती आहे. तथापि माजी मालगुजारी तलाव व बोड्या आटू लागल्या म्हणजे उन्हाळी धानाचा भार विहिरींवर व विंधन विहिरींवर पडतो. विंधन विहीर कोरडी निघाली, तर शेतकऱ्याची एका हंगामाची मिळकत जमिनीत जाते. अशा स्थितीत नारळ हाती घेऊन शेतातून फिरणाऱ्या पाणाड्याची जागा शास्त्रीय उपकरणाने घ्यावी, ही अपेक्षा रास्तच होय. मात्र कोणते उपकरण कोणत्या जमिनीत उपयोगी पडते, हे पारखून घेतले पाहिजे. भूमिवेधी रडार हे अशाच पारखण्याजोग्या उपकरणांपैकी एक आहे.

या उपकरणातून रेडिओलहरी जमिनीत सोडल्या जातात. दोन निरनिराळे थर जेथे मिळतात, तेथून लहरींचा काही अंश परत येतो. गेलेली लहर किती वेळाने परतली, यावरून थराची खोली काढतात. कोरड्या वाळूत ही लहर एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, सुमारे 15 सेंटिमीटर जाते. पाण्याने भरलेल्या वाळूत सुमारे 6 सेंटिमीटरच जाते. लहरीच्या या मंदावण्यावरूनच मातीतील ओलाव्याचे प्रमाण अजमावता येते. जमिनीवर पाणी सोडून ठराविक अंतराने पुनःपुन्हा नोंदी घेतल्या, तर ओल किती वेगाने खाली उतरते हेही कळते. त्यावरून मातीच्या जलवहनक्षमतेचा अंदाज बांधता येतो.

परंतु याच गुणात एक धोका दडलेला आहे. समजा, लहर 60 नॅनोसेकंदांनी परत आली. वाळू कोरडी असेल, तर थर साडेचार मीटर खोल आहे. ओली असेल, तर तो 1.8 मीटरवरच आहे. नोंद एकच, उत्तरे मात्र दोन. जवळच्या एखाद्या विहिरीतील पाण्याची प्रत्यक्ष मोजलेली खोली हाती असल्यावाचून यांतील खरे उत्तर निवडणे कठीण होय.

दुसरी मर्यादा मातीची. चिकणमाती या लहरी शोषून घेते. स्वच्छ, कोरड्या वाळूत दहा मीटरांहून खोल जाणारे रडार भारी चिकण जमिनीत पुष्कळदा एक मीटरही जात नाही. धानाच्या बांधीत चिखलणीमुळे पाणी धरून ठेवणारा घट्ट थर तयार होतो. कन्हारसारख्या भारी जमिनीत तर चिकणमातीच अधिक. शिवाय जिल्ह्याच्या बहुतेक भागात भूजल कठीण, प्राचीन खडकाच्या झिजलेल्या थरांत व भेगांत असते. विंधन विहिरीला लागणाऱ्या खोलीवरील भेग या रडारला दिसत नाही. त्या कामी विद्युत रोधकतेची पाहणीच अधिक उपयुक्त ठरते. शेजारच्या नागपूर जिल्ह्यातील चंद्रभागा पाणलोटात भूजलधारक थरांचे नकाशे करताना हेलिकॉप्टरमधून विद्युतचुंबकीय पाहणी करण्यात आली, ती भूमिवेधी रडारहून वेगळ्या पद्धतीची होती. ‘यंत्राने पाणी दाखवले’ असे कोणी म्हटले, तर ‘कोणत्या यंत्राने व किती खोलीपर्यंत’ असे विचारण्याचा शेतकऱ्याला पूर्ण अधिकार आहे.

मग हे उपकरण भंडाऱ्यास निरुपयोगी आहे काय? तसे मुळीच नाही. वैनगंगेकाठच्या वाळूमिश्रित गाळात उथळ भूजलाची पातळी शोधणे, हलक्या बरड जमिनीतील ओलावा अजमावणे, तलावाची पाळ फार चिकण मातीची नसल्यास तिच्यातील पोकळ्या हुडकणे, ही कामे त्याच्याकडून होऊ शकतात. पाळ फुटल्यावर ती बांधण्यापेक्षा झिरपा वेळीच ओळखणे केव्हाही स्वस्त पडते. म्हणून असे उपकरण प्रत्येक गावी नको. जिल्ह्याच्या पातळीवर तज्ज्ञांच्या हाती असावे व योग्य जमीन पाहूनच ते वापरावे.

त्याआधीचे काम मात्र गावाचे आहे. भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे व ऑक्टोबर या महिन्यांत मोजते. गावातील आणखी चार-पाच विहिरींची पातळी त्याच महिन्यांत, सकाळी पंप सुरू होण्यापूर्वी, काठावरील एकाच खुणेपासून फितीने मोजून वहीत लिहावी. बांधीत खुणा केलेली बांबूची काठी रोवावी. पाणी येण्या-जाण्याच्या वाटा बंद करून व धुऱ्यातून गळती नाही याची खात्री करून, पावसाविना रात्री संध्याकाळी व सकाळी पाण्याची उंची नोंदवावी. रात्री बाष्पीभवन अल्प असल्याने जी घट दिसते, ती मुख्यत्वे झिरपण्याची होय. कोणत्या बांधीत उन्हाळी धान परवडेल आणि कोठे हरभरा वा लाखोळी घेणे शहाणपणाचे, हे ठरविताना ही घट मोठी उपयोगी पडते.

या कामास काठी, फीत व वही एवढेच साहित्य लागते. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी यंदाच्या खरिपापासूनच त्यास आरंभ करावा. पुढे तज्ज्ञ रडार घेऊन गावी आले, तर त्याच्या नोंदींचा खरेपणा याच वहीवरून ठरेल; आणि ते न आले, तरी गावास आपल्या पाण्याचा हिशेब ठाऊक असेल.