हळू गाणाऱ्यांची तबकडी

बालमित्रांनो, आज आधी एक प्रयोग करा. शाळेच्या मैदानाच्या एका टोकाला तुम्ही उभे राहा, दुसऱ्या टोकाला मित्राला उभं करा आणि त्याला ऐकू जाईल अशी अंगाईची एखादी ओळ म्हणा. काय झालं? ओरडावं लागलं ना! आणि ओरडल्याबरोबर अंगाईची अंगाई राहिली नाही.

जुन्या गायक नटांपुढे हीच अडचण होती. आज आपण सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिरात नाटक पाहतो, तेव्हा ध्वनिक्षेपक असतात. पूर्वी ते नव्हते. शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत पद पोचवायचं तर आवाज खणखणीत, फेकीचाच हवा. तबकडीसाठी गातानासुद्धा तेच. आपल्या देशात १९०२ साली कोलकात्याला गौहरजान यांचं गाणं ध्वनिमुद्रित झालं, तेव्हा एका मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशी उभं राहून गावं लागे. आवाजाच्या जोरानंच सुई हलायची आणि मेणावर रेघ उमटायची. हळू गाल तर रेघच उमटणार नाही!

मग १९२५ च्या सुमारास मायक्रोफोन लावून ध्वनिमुद्रण सुरू झालं आणि सगळं पालटलं. कुजबुजसुद्धा टिपली जाऊ लागली. अमेरिकेत बिंग क्रॉस्बी नावाचे गायक मोठ्या वाद्यवृंदापुढे उभे राहून अगदी कानाशी बोलल्यासारखे गाऊ लागले. अशा गायकांना तिकडे 'क्रूनर' म्हणत.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे आलं भावगीत!

१९३२ साली ग. ना. जोशी यांच्या आवाजात ना. घ. देशपांडे यांच्या 'शीळ' या कवितेची तबकडी निघाली. मराठी भावगीताची सुरुवात बरेच जण तिथूनच मोजतात. जोशी वकिली शिकलेले. पण १९३८ साली ते 'हिज मास्टर्स व्हॉइस' कंपनीत ध्वनिमुद्रणाचं काम पाहू लागले. कर्ण्यासमोर बसलेल्या कुत्र्याचं चित्र पाहिलंय ना? तीच ही कंपनी. पुढे जोशींनी कितीतरी मोठ्या गायकवादकांचं ध्वनिमुद्रण केलं.

त्यांच्या मागोमाग आले गजानन वाटवे. जन्म १९१७ चा, बेळगावचा. चाल स्वतःच लावायची आणि पेटी घेऊन स्वतःच गायचं. गणेशोत्सवात रस्त्यावर त्यांचे कार्यक्रम होत आणि माणसं दाटीवाटीनं बसून ऐकत. कवी अनिल यांचं 'गगनि उगवला सायंतारा' त्यांनी असं गायलं, की ज्यांनी कवितेचं पुस्तक कधी उघडलं नव्हतं, त्यांच्याही ओठांवर कविता आली. शब्द तोडायचा नाही, तानांखाली दडपायचा नाही, ही त्यांची रीत.

आता तबकडीची गंमत ऐका. ती मिनिटाला ७८ वेळा फिरायची आणि एका बाजूला साधारण तीन मिनिटांचंच गाणं मावायचं. करा बरं गुणाकार! २३४ फेऱ्यांत गाणं संपवायचं. त्यामुळे कवितेची नेमकी कडवी निवडावी लागत.

पण काळ्या चकतीत गाणं राहतं कसं? सोलापूरकरांना हे समजायला सोपं आहे. आपली चादर जेकार्ड मागावर विणतात, तेव्हा भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ वर फिरत असते. मोर कुठे, फूल कुठे, हे ती भोकं मागाला सांगतात. तबकडीवर तसंच काम नागमोडी खाच करते. सुई त्या खाचेतून जाताना थरथरते आणि त्या थरथरीतून पुन्हा आवाज उमटतो. फरक एवढाच, की पुठ्ठा फाटला तर नवा करता येतो. गाणारा गेल्यावर मात्र खाच नव्यानं कोरता येत नाही.

आणि ही तबकडी फार नाजूक बरं का! ती बनायची लाखेपासून. पळस, कुसुंब, बोर अशा झाडांवर राहणारा इवलासा किडा ही लाख तयार करतो. बांगड्यांची लाख ती हीच. हातातून पडली की तबकडीचे तुकडे. आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली राहिली तर वाकडी. स्पिरिटनं पुसली तर लाखच विरघळते, म्हणजे गाणंच पुसलं जातं!

वाटवे २००९ साली गेले, ग. ना. जोशी त्याआधीच, १९९४ साली. त्यांची काही गाणी आज मोबाइलवर मिळतात. पण त्या काळी निघालेली प्रत्येक तबकडी तिथे पोचलेली नाही. एखादं गाणं कुणाच्या तरी माळ्यावरच्या एकाच ट्रंकेत उरलेलं असू शकतं, आणि दिवाळीच्या साफसफाईत ती ट्रंक भंगारवाल्याकडे जाऊ शकते. म्हणून पालकांनाही एक विनंती: देण्याआधी उघडून बघा.

तर मुलांनो, या आठवड्याचं काम. घरात, आजोळी, शेजारी जुन्या तबकड्या आहेत का, विचारा. असतील तर दोन्ही हातांनी कडेला धरा, मऊ कोरड्या कापडानं पुसा आणि उभ्या ठेवा. एकीवर एक रचू नका. मधल्या गोल कागदावरचं गाण्याचं नाव, गायकाचं नाव आणि क्रमांक वहीत उतरवून घ्या.

तबकडी नसेल तर आजी-आजोबांना विचारा, "तुम्ही लहानपणी कोणतं भावगीत ऐकायचात?" वाटव्यांना समोर बसून ऐकलेली माणसं आता ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत. त्यांनी एखादी ओळ गुणगुणली, तर मध्ये बोलू नका. आवाज बारीक असेल, कापरा असेल. म्हणून काय झालं? जरा जवळ सरका. हळू गायलेलं गाणं ऐकायची रीतच ती आहे.

पुढच्या आठवड्यात भेटूच!