नर्सला खरं सांगू द्या

आत्महत्येच्या प्रयत्नानंतर एखादी तरुण मुलगी किंवा मुलगा हॉस्पिटलात पोहोचतो, तेव्हा घरचे अनेकदा एकच वाक्य बोलतात : चुकून झालं. त्यामागे मला दोन भीती दिसतात, पोलिसांची आणि बिरादरीची.

पहिली भीती आता जुनी झाली. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 115 अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरतं आणि तिच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकतं. 1 जुलै 2024पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुनं कलम 309 नाही. हॉस्पिटलने पोलिसांना कळवलं, तरी रुग्ण गुन्हेगार ठरत नाही.

दुसरी भीती आपल्या घरातली आहे. ‘खुदकुशी हराम आहे’ हे कोंढव्यापासून मोमीनपुऱ्यापर्यंत सगळ्यांना पाठ आहे. ईमान अनेकांना जगायला बळ देतं, हे मी मानतो. पण खचलेल्या मुलाला ते वाक्य धाक म्हणून ऐकवलं, की तो बरा होत नाही, गप्प होतो.

नर्सचं काम नेमकं उलटं असतं. पीएचक्यू-9 या प्रश्नावलीत ती गेल्या दोन आठवड्यांतली झोप, भूक, थकवा, उदासी विचारते. प्रत्येक उत्तराला 0 ते 3 गुण, एकूण 27. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. त्याचं उत्तर ‘कधीच नाही’ नसेल, तर एकूण गुण कमी असले तरी ती पुढे विचारते : काही ठरवलं आहे का? आधी प्रयत्न झाला होता का? आधार कोणाचा वाटतो? असं विचारल्याने विचार मनात पेरला जात नाही. उलट बोलायला वाट मिळते.

पण अम्मी, अब्बू, मामू खाटेभोवती उभे असताना कोण खरं बोलेल? नर्सने बाहेर थांबायला सांगितलं, तर थांबा. ‘आम्ही सांगतो ना’ म्हणू नका.

2022मध्ये महाराष्ट्रात 22,746 आत्महत्यांची नोंद झाली, देशात सर्वाधिक. म्हणून हे काम फक्त नर्सचं नाही. दोस्त खचलेला दिसला, तर त्याला सरळ विचारा, ऐकून घ्या, एकटं सोडू नका. 14416 ही सरकारची टेली-मानस सेवा मोफत, चोवीस तास आहे. नंबर आजच मोबाइलमध्ये ठेवा.