विश्लेषण : समलिंगी विवाहाला पाठिंबा दिला, तर मते जातात का?

समलिंगी विवाहाचा विषय निघाला की राजकीय नेते सहसा दोनपैकी एक उत्तर देतात. ‘हे न्यायालयाचे काम आहे’ किंवा ‘आपला मतदार अजून तयार नाही’. सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात हा प्रश्न कायदेमंडळाकडे सोपवल्यामुळे पहिल्या उत्तराला आता अर्थ उरलेला नाही. दुसऱ्या उत्तराचे काय? त्याची परीक्षा घेण्यासाठी सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे सोयीचे आहेत. या विषयावर पक्षातर्फे उघड भूमिका घेणारा एक नेता सांगलीचा आहे आणि ज्यांच्या सरकारने ‘वेळ हवा’ म्हटले ते तेव्हाचे मुख्यमंत्री मूळचे साताऱ्याचे आहेत.

सांगली आणि साताऱ्याच्या नेत्यांनी काय केले?

ऑक्टोबर २०२० मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसने मुंबईत ‘एलजीबीटी सेल’ सुरू केला. देशातील राजकीय पक्षाचा असा हा पहिलाच विभाग असल्याचे तेव्हा सांगितले गेले. पक्षाचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष जयंत पाटील आणि खासदार सुप्रिया सुळे त्या कार्यक्रमात पुढे होते. जयंत पाटील सांगली जिल्ह्यातील इस्लामपूरचे आमदार. साखर कारखाना, सहकारी बँक, दूध संघ यांच्या राजकारणात वाढलेला नेता. अशा नेत्याने या विभागाची घोषणा करणे ही मुंबई-पुण्याच्या मतांसाठी केलेली हौस होती, असे म्हणून ती उडवून लावता येत नाही.

पुढे १ एप्रिल २०२२ रोजी सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती सुचवणारे खासगी विधेयक मांडले. समलिंगी जोडप्यांना या कायद्याखाली लग्न करता यावे, हा त्याचा गाभा. खासगी विधेयक मंजूर होऊन कायदा होण्याची शेवटची घटना १९७० ची आहे. त्यामुळे हे विधेयक मंजूर होईल, अशी अपेक्षा कोणी केली नव्हती. लोकसभेची मुदत संपल्यावर प्रलंबित विधेयके आपोआप बाद होतात, तसे तेही झाले. तरी भूमिका नोंदवली गेली, आणि ती संसदेच्या कामकाजात.

आता दुसरी बाजू. सर्वोच्च न्यायालयात २०२३ च्या एप्रिल-मेमध्ये सुनावणी सुरू असताना केंद्राने राज्यांची मते मागवली. सात राज्यांनी उत्तर दिले. राजस्थान, आंध्र प्रदेश आणि आसामने विरोध केला. महाराष्ट्र, उत्तर प्रदेश, मणिपूर आणि सिक्कीमने या विषयावर सखोल व व्यापक चर्चा हवी, त्यासाठी वेळ हवा, असे कळवले. तेव्हा महाराष्ट्रात एकनाथ शिंदे मुख्यमंत्री होते. त्यांचे मूळ गाव महाबळेश्वर तालुक्यातील दरे.

या यादीतील एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. विरोध करणाऱ्या तीन राज्यांत तेव्हा तीन वेगवेगळ्या पक्षांची सरकारे होती. राजस्थानात काँग्रेस, आसामात भाजप, आंध्रात वायएसआर काँग्रेस. त्याच काँग्रेसने २०२४ च्या लोकसभा जाहीरनाम्यात समलिंगी जोडप्यांच्या नागरी सहजीवनाला मान्यता देणारा कायदा व्यापक चर्चेनंतर आणू, असे लिहिले. म्हणजे हा विषय पक्षांच्या ठरलेल्या रेषांवर विभागलेला नाही.

मग मतदारांनी कोणाला शिक्षा केली?

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत सुप्रिया सुळे बारामतीतून दीड लाखाहून अधिक मतांनी निवडून आल्या. नीरा नदी ओलांडली की सातारा जिल्हा लागतो, इतका हा मतदारसंघ आपल्या शेजारचा. शहरी म्हणावा तर त्यात भोर, पुरंदर, इंदापूरही येतात. त्याच वर्षी विधानसभेला जयंत पाटील निवडून आले, पण त्यांचे मताधिक्य सुमारे १३ हजारांवर आले. २०१९ मध्ये ते ७० हजारांहून अधिक होते. घट मोठी आहे. पण तेव्हा राज्यभर महायुतीची लाट होती, पक्ष फुटलेला होता आणि समोर राष्ट्रवादीच्याच दुसऱ्या गटाचा उमेदवार होता. त्या घटीचे कारण चार वर्षांपूर्वीच्या एलजीबीटी सेलमध्ये शोधणे हास्यास्पद ठरेल.

‘वेळ हवा’ म्हणणाऱ्यांचेही काही बिघडले नाही. महायुतीने विधानसभा मोठ्या फरकाने जिंकली. सातारा लोकसभेत उदयनराजे भोसले जिंकले आणि सांगलीत अपक्ष विशाल पाटील. या दोन्ही लढतींत उमेदवारी, पक्षफूट, पाणी, ऊस आणि आरक्षण यांची चर्चा झाली.

यावरून ‘लोकांचा समलिंगी विवाहाला पाठिंबा आहे’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. बारामतीचे मतदान पवार विरुद्ध पवार या लढतीवर झाले, विधेयकावर नव्हे. पण उलटा निष्कर्षही तितकाच निराधार आहे. पाठिंबा दिल्याने मते गेल्याचे एकही उदाहरण या पट्ट्यात दाखवता येत नाही. ‘मतदार तयार नाही’ हे वाक्य आपल्याकडे कोणत्याही आकड्यावर उभे नाही. ते बोलणाऱ्याच्या सोयीवर उभे आहे.

भूमिकेची किंमत खरोखर मोजावी लागते का?

लागते. पण त्यासाठी प्रश्न मतपेटीपर्यंत यावा लागतो. अमेरिकेतील व्हरमाँट हे जेमतेम साडेसहा लाख लोकवस्तीचे राज्य याचे चांगले उदाहरण आहे. तिथला ‘गव्हर्नर’ आपल्या राज्यपालांसारखा नेमलेला नसतो. तो थेट निवडून येतो आणि सरकार चालवतो, म्हणजे कामाच्या दृष्टीने आपला मुख्यमंत्रीच. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९९ मध्ये समलिंगी जोडप्यांना विवाहाइतकेच लाभ द्या, असा आदेश दिला. गव्हर्नर हॉवर्ड डीन यांनी एप्रिल २००० मध्ये ‘सिव्हिल युनियन’ कायद्यावर सही केली.

नोव्हेंबरमध्ये निवडणूक झाली. कायद्याच्या बाजूने मत दिलेल्या अनेक आमदारांच्या जागा गेल्या आणि प्रतिनिधीगृह विरोधी पक्षाकडे गेले. डीन स्वतः निम्म्याहून थोड्याच जास्त मतांनी वाचले. म्हणजे किंमत खरी होती. पण नऊ वर्षांनी त्याच राज्याच्या विधिमंडळाने थेट समलिंगी विवाहाचा कायदा केला. गव्हर्नर जिम डग्लस यांनी नकाराधिकार वापरला आणि सभागृहाने तो १०० विरुद्ध ४९ मतांनी मोडून काढला. दोन तृतीयांशासाठी शंभरच मते लागत होती. एक कमी पडले असते तर कायदा झाला नसता. मधल्या काळात लोकांनी आपल्या गावातील अशी कुटुंबे पाहिली आणि विरोधाची धार कमी झाली.

यातून आपल्याला घेण्यासारखी गोष्ट एवढीच की कायदा आला, लोकांनी तो अनुभवला आणि मग मत बदलले. आपल्याकडे मत बदलण्याची वाट आधी पाहिली जाते.

आपल्याकडे राज्यपालांची भूमिका काय?

विवाह हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत, पाचव्या नोंदीत आहे. म्हणजे संसद आणि विधानसभा दोघांनाही त्यावर कायदा करता येतो. २०२३ च्या निकालात विवाह हा मूलभूत हक्क नाही यावर पाचही न्यायमूर्तींचे एकमत होते. नागरी सहजीवनाच्या हक्काबाबत मात्र तीन विरुद्ध दोन अशी विभागणी झाली. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या निकालपत्रात असा कायदा करण्याचा अधिकार संसदेप्रमाणेच राज्य विधिमंडळांनाही असल्याचे स्पष्ट लिहिले.

राज्याचा कायदा केंद्राच्या कायद्याशी विसंगत असेल, तर अनुच्छेद २५४ नुसार त्याला राष्ट्रपतींची संमती लागते. राज्यपाल तो विचारार्थ राखून ठेवतात आणि तो दिल्लीला जातो. राज्यपालांचे या विषयावरचे वैयक्तिक मत काहीही असो, घटनेने त्यांच्याकडे दिलेले काम हे आहे. वाट अशक्य नाही. स्वाभिमान विवाहांना, म्हणजे पुरोहिताशिवाय होणाऱ्या लग्नांना, मान्यता देण्यासाठी तेव्हाच्या मद्रास राज्याने १९६७ मध्ये अण्णादुराई मुख्यमंत्री असताना हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती केली. ती आजही लागू आहे. पण ही वाट लांब आहे हेही खरे. महाराष्ट्राने एकमताने मंजूर केलेल्या ‘शक्ती’ विधेयकाला राष्ट्रपतींची संमती मिळालीच नाही. तेव्हा उद्या विधानसभेने समलिंगी विवाहाचे विधेयक मंजूर केले, तरी ते राज्यपाल आणि दिल्ली यांच्यामध्ये अडकण्याची शक्यता मोठी आहे. हे मान्य करूनही विधानसभेला काहीच करता येत नाही, असे म्हणता येत नाही.

हा ‘शहरी उच्चभ्रूं’चा प्रश्न आहे का?

केंद्र सरकारने २०२३ मध्ये न्यायालयात हाच शब्दप्रयोग केला होता. सांगलीत राहणाऱ्या माणसाला तो पटणे अवघड आहे. १९९२ पासून काम करणारी ‘संग्राम’ ही संस्था सांगलीची, ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ सांगलीची आणि तिच्या सोबतीने काम करणारी पुरुष व तृतीयपंथी देहविक्रय करणाऱ्यांची ‘मुस्कान’ ही संघटनाही सांगलीची. हे लोक उच्चभ्रू नाहीत आणि मुंबईतून आलेले नाहीत.

लग्नाच्या रीतीत बदल करणे हेही या भागाला परके नाही. पुरोहिताशिवाय सत्यशोधक विवाह लावणाऱ्या महात्मा फुल्यांचे मूळ गाव साताऱ्यातील कटगुण. १९४२ नंतर क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारने तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, ज्यात आजचा सांगलीचा मोठा भाग येत होता, गावोगावी ‘गांधी विवाह’ लावले. हुंडा नाही, मानपान नाही, खर्च नाही. त्या लग्नांवरही ‘रीत मोडली’ अशी टीका करणारे होतेच. समलिंगी विवाह हा त्याहून वेगळा प्रश्न आहे, हे मान्य. पण ‘आमच्या भागात लग्नाला हात लावलेला चालत नाही’ हा दावा इथला इतिहासच खोडून काढतो.

मान्यता नसल्याने नेमके काय अडते?

एखाद्या तालुक्यात दोन बायका पंधरा वर्षे एकत्र राहतात, असे समजू. जमीन एकीच्या नावावर आहे. ती मृत्युपत्र न करता गेली, तर सातबाऱ्यावर वारस म्हणून भाऊ-पुतणे लागतील. सोबत राबलेल्या दुसरीचा कायद्याने काही संबंध नाही. बँकेत नाव लावलेले असले, तरी नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. दवाखान्यात ‘नातेवाईक कोण?’ या प्रश्नाला तिच्याकडे कागदावरचे उत्तर नाही. कुटुंब निवृत्तिवेतनाचा तर प्रश्नच येत नाही.

निकालानंतर केंद्राने कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये काही सूचना निघाल्या. अशा जोडीदारांना शिधापत्रिकेसाठी एकाच कुटुंबातील समजावे, संयुक्त बँक खाते उघडण्यास व जोडीदाराला नॉमिनी करण्यास आडकाठी नाही, जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर जोडीदाराला पार्थिव ताब्यात घेता यावे. पुनर्विलोकन याचिका ९ जानेवारी २०२५ रोजी फेटाळल्या गेल्या. त्यामुळे तूर्त हातात आहेत त्या एवढ्याच गोष्टी.

आणि इथेच राज्य सरकारचा खरा संबंध येतो. शिधापत्रिका तहसील कार्यालयाची पुरवठा शाखा देते. जिल्हा रुग्णालय राज्य चालवते. या सूचना अमलात आणण्यासाठी विधेयक, राज्यपालांची सही किंवा राष्ट्रपतींची संमती यांतले काहीच लागत नाही. स्पष्ट शब्दांतला शासन निर्णय आणि तो कर्मचाऱ्यापर्यंत पोहोचवणारे परिपत्रक पुरते. मद्रास उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये सुचवलेला ‘कौटुंबिक सहजीवन करार’ नोंदवण्याची सोय करण्याचा विचारही महाराष्ट्राला करता येईल.

पुढे काय?

महाराष्ट्राने २०२३ मध्ये व्यापक चर्चेसाठी वेळ मागितला होता. ती चर्चा कुठे, कोणाशी आणि केव्हा व्हायची, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार प्रत्येक मतदाराला आहे. पाठिंबा देणाऱ्यांनीही सेलच्या उद्घाटनावर आणि बाद झालेल्या विधेयकावर समाधान मानून चालणार नाही. त्यांच्या हातात विधानसभेत तारांकित प्रश्न आणि अशासकीय ठराव ही साधने आहेत.

समलिंगी विवाहाविषयीच्या भूमिकेचे राजकीय परिणाम नेत्यांना अजून भोगावे लागलेले नाहीत, बोलणाऱ्यांना नाही आणि गप्प बसणाऱ्यांनाही नाही. भूमिका न घेण्याचे परिणाम मात्र तहसीलच्या खिडकीवर आणि दवाखान्याच्या दारात रोज कोणी ना कोणी भोगते. सातारा-सांगलीत पुढच्या वेळी उमेदवार मते मागायला येतील, तेव्हा त्यांना लग्नाबद्दल विचारणे अवघड वाटले, तर निदान शिधापत्रिकेबद्दल विचारावे. त्या उत्तरावरून बाकीचे कळेल.