शिफारस लिहिणार कोण?

माणिकगडच्या पहाडावरचा, जिवती तालुक्यातला एखादा कोलाम किंवा गोंड मुलगा परदेशी विद्यापीठाचा अर्ज भरायला बसतो, तेव्हा गुणपत्रिका, जातवैधता, उत्पन्नाचा दाखला हे सारे तो जमवतो. कागदांसाठी पहाड उतरून राजुरा-चंद्रपूरच्या खेपा घालणे त्याच्या घराला नवे नाही. तो अडतो शेवटच्या रकान्यात. तिथे प्राध्यापकांची नावे, त्यांचे संस्थेचे ई-मेल आणि त्यांनी परस्पर पाठवायची शिफारसपत्रे मागितलेली असतात. अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांना पदव्युत्तर प्रवेशासाठी अशी तीन पत्रे लागतात. तीन सोडा, एक तरी कोण लिहिणार?

आपल्याकडे मिळते ते चारित्र्याचे प्रमाणपत्र. सदर विद्यार्थी या महाविद्यालयात शिकत होता, त्याची वर्तणूक चांगली आहे. खाली सही, शिक्का. निवड करणाऱ्याला हवे असते वेगळेच: या मुलाने वर्गात कोणता प्रश्न विचारला, प्रकल्पात कुठे चुकला आणि मग काय केले. त्याऐवजी मुलाला सांगितले जाते, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ ज्याच्या घरात कुणी कॉलेजची पायरी चढले नाही, तो स्वतःची शिफारस कोणत्या शब्दांत लिहील? कुठून तरी उतरवलेला मजकूर जातो आणि वाचणाऱ्याला ते पहिल्या ओळीतच कळते.

याचा सगळा दोष शिक्षकांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. कायम पदे रिकामी राहतात आणि वर्ग चालतात तासिका तत्त्वावर. त्या शिक्षकाची नेमणूक वर्षापुरती, मोबदला तासाचा. पुढच्या जूनमध्ये तो त्याच महाविद्यालयात असेल याची खात्री त्यालाच नसते. संस्थेचा ई-मेल त्याला कोण देणार? ज्याने मुलाला खरे ओळखले तो निघून जातो आणि ज्याच्या हाती शिक्का आहे त्याने मुलाला पाहिलेले नसते. पदे अशीच रिकामी ठेवली, तर पहाडावरची एक अख्खी पिढी गुण असूनही उंबरठ्यावरून परत फिरेल. आम्हाला भीती आहे ती याची.

ओळखणाऱ्या माणसाच्या शब्दाने काय घडते, हे महाराष्ट्राला सांगायला नको. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या भीमराव आंबेडकरांना कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजींनी हेरले. 1907 मध्ये ते मॅट्रिक झाल्यावर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले आणि पुढे सयाजीराव महाराजांकडे त्यांच्यासाठी शब्द टाकला. नंतर कोलंबिया विद्यापीठातले त्यांचे प्राध्यापक सेलिगमन यांनी लंडनच्या प्राध्यापक फॉक्सवेल यांना आंबेडकरांविषयी लिहिले. केळूसकर आणि सेलिगमन या दोघांनीही त्या विद्यार्थ्याचे वाचन, त्याचे काम जवळून पाहिले होते.

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत अनुसूचित जमातींसाठी वर्षाला 20 जागा आहेत; त्यांतल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींसाठी. देशात अशा जमाती 75, महाराष्ट्रात तीन: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. म्हणजे जिवतीचा कोलाम आणि भामरागडचा माडिया या दोघांसाठी दार थोडे किलकिले आहे. पण शिष्यवृत्ती कामी यायची तर परदेशी प्रवेश हाती असावा लागतो, आणि प्रवेशाची गाडी पुन्हा त्याच पत्रांपाशी येऊन थांबते.

चंद्रपूर-गडचिरोलीसाठी 2011 मध्ये नागपूरपासून वेगळे काढलेले गोंडवाना विद्यापीठ याच मुलांसाठी आहे. त्याने तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांसह प्रत्येकाला विद्यापीठाचा ई-मेल द्यावा आणि नेमणूक संपल्यावरही काही वर्षे तो चालू ठेवावा. दुसऱ्या वर्षापासूनच प्रत्येक शिक्षकाने आपल्या विद्यार्थ्यांच्या कामाची चार ओळींची नोंद ठेवावी. शिफारस लिहिणे हे उपकाराचे नव्हे, शिकवण्याचेच काम आहे, असे धरून त्याचा मोबदला द्यावा. शासनाने रिकामी पदे भरावीत. त्यावाचून बाकी सारे तात्पुरते ठरेल. मुलांनीही मुदतीच्या दोन महिने आधी, आपला प्रकल्प आणि अर्जातले निवेदन हाती घेऊन सरांना, मॅडमना भेटावे. अमेरिकेतले बरेच अर्ज डिसेंबर-जानेवारीत बंद होतात. दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजला कुलूप लागते, तेव्हा ही भेट त्याआधीच व्हायला हवी.