चिखलात केजव्हील, डांबरावर टायर: धानपट्ट्यातल्या ट्रॅक्टरला नेमकं कोणतं चाक हवं?

जुलै महिना. गोंदिया तालुक्यातल्या दवनीवाडा परिसरात धानाची रोवणी सुरू आहे. बांध्यांमध्ये पाणी साचलंय, पऱ्हे तयार आहेत आणि गावात सगळ्यात जास्त मागणी ट्रॅक्टरवाल्याला आहे. एका शेतातली चिखलणी संपली की तो लगेच दुसऱ्या शेताकडे निघतो. मधे दोन-तीन किलोमीटरचा डांबरी रस्ता लागतो. ट्रॅक्टरला मागे लोखंडी केजव्हील तसंच लावलेलं असतं. तो गेल्यावर रस्त्यावर उरतात ओळीनं पडलेले खाचे.

धान पिकवणाऱ्या गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांत हे चित्र नवं नाही. पावसाळ्यात रस्ता फुटला की गावकरी ट्रॅक्टरवाल्याला बोल लावतात. ट्रॅक्टरवाला म्हणतो, 'टायरवर चिखल होऊन दाखवा.' गंमत म्हणजे दोघांचंही बरोबर आहे.

दुसरीकडे इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवर रुंद टायर लावलेल्या मॉडिफाइड ट्रॅक्टरची चलती आहे. त्यात 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरच्या टायर-ट्यूबवरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. समजा, करापूर्वी मागच्या जोडीची किंमत 40 हजार रुपये आहे. पूर्वी त्यावर 7,200 रुपये कर लागायचा, आता 2,000 लागतो. थेट 5,200 रुपये वाचतात. साहजिकच 'आता बदलायचेच आहेत, तर एक साइज मोठाच घेऊ का?' हा प्रश्न अनेकांच्या मनात येतो.

मग चाक मोठं घ्यावं का? केजव्हील वापरावं का? कायदा काय म्हणतो? समजून घेऊया.

टायरवरचा आकडा काय सांगतो?

ट्रॅक्टरच्या मागच्या टायरवर 12.4-28, 13.6-28 किंवा 14.9-28 असं काहीतरी लिहिलेलं असतं. पहिला आकडा म्हणजे टायरची रुंदी, इंचांत. दुसरा म्हणजे रिमचा व्यास, तोही इंचांत. मधे आडवी रेघ असेल तर टायर साध्या बांधणीचा, आणि 'आर' असेल तर रेडियल.

आपल्याकडच्या 35 ते 50 एचपीच्या ट्रॅक्टरांत हे तीन साइज नेहमी दिसतात. तिन्हींचं रिम 28 इंचांचंच. म्हणून अनेकांना वाटतं की फरक फक्त रुंदीचा आहे. इथंच घोटाळा होतो.

टायर रुंद झाला की तो उंचही होतो. 12.4-28 टायरची एकूण उंची साधारण 126 सेंटिमीटर असते, तर 13.6-28 ची साधारण 131. म्हणजे चाकाच्या एका फेरीत ट्रॅक्टर जवळपास 4 टक्के जास्त अंतर कापतो. त्याच गिअरमध्ये, इंजिनाच्या त्याच फेऱ्यांवर वेग वाढतो. पण वेग वाढला की ओढ कमी होते. इंजिनाची ताकद तेवढीच राहते आणि गिअरबॉक्स व एक्सलवर ताण मात्र वाढतो.

फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर दुप्पट सावध

चिखलासाठी आता अनेक जण फोर-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर घेतात. त्यांच्या पुढच्या आणि मागच्या चाकांचं गणित कंपनीनं बसवलेलं असतं. पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित, साधारण 1 ते 5 टक्के, जास्त वेगानं फिरतील अशी रचना असते. त्यामुळे पुढची चाकं ट्रॅक्टरला ओढतात.

आता तुम्ही फक्त मागचे टायर एक साइज मोठे केलेत, तर ते 4 टक्के एका झटक्यात संपतात. मागची चाकं पुढच्यांना ढकलू लागतात. चिखलात चाकं घसरत असल्यानं हे लगेच जाणवत नाही. पण कडक जमिनीवर किंवा रस्त्यावर फोर-व्हील चालू राहिलं, तर पुढचे टायर झपाट्यानं झिजतात आणि पुढच्या एक्सलचे गिअर मार खातात. म्हणून बदल करायचाच असेल तर कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या पुढच्या-मागच्या टायरच्या जोडीतूनच करा.

ही अडचण फक्त ट्रॅक्टरची नाही. अमेरिकेत 1964 साली आलेल्या पाँटियाक जीटीओसारख्या 'मसल कार'ना मुळात 14 इंचांची चाकं असायची. आजचे शौकीन त्यांना 17-18 इंचांची चाकं बसवतात. पण तिथला जाणकारही आधी टायरची एकूण उंची मोजतो. रिम मोठं केलं तर टायरची बाजूची भिंत तेवढी कमी करतो. नाहीतर स्पीडोमीटर चुकतो, गिअरचं गणित बिघडतं आणि वळताना टायर बॉडीला घासतो. वाहन कुठलंही असो, चाकाची उंची बदलली की वाहनाची चाल बदलते.

मग चिखलात टायर का चालत नाही?

धानाच्या बांधीत चिखल मुद्दाम केला जातो. ओली माती घोळली की तिच्यातली छिद्रं बुजतात, पाणी खाली झिरपत नाही, तण दबतं आणि पऱ्हे सहज रोवता येतात. या चिखलाखाली वर्षानुवर्षांच्या चिखलणीनं तयार झालेला एक कडक थर असतो. बैल, माणूस आणि ट्रॅक्टर त्याच्याच आधारावर चालतात.

रबरी टायरच्या खाचांत चिखल भरला की तो टायर गुळगुळीत होतो. चाक जागेवर फिरतं, ट्रॅक्टर पुढं सरकत नाही, डिझेल मात्र जळत राहतं. फिरणारं चाक खाली खाली जातं आणि तो कडक थर फोडतं. एकदा तिथं खड्डा पडला की पाणी धरून ठेवणं अवघड होतं आणि पुढच्या वर्षीही ट्रॅक्टर तिथंच फसतो.

केजव्हील हे लोखंडी पट्ट्यांचं पिंजऱ्यासारखं चाक असतं. त्याच्या रुंदीमुळे वजन पसरतं, पट्ट्या चिखलात रुततात आणि मधल्या फटींतून चिखल गळून जातो. वर हेच चाक चिखल घोळतं आणि धसकटंही मातीत दाबतं. म्हणजे ते चालतंही आणि मशागतही करतं. म्हणूनच ट्रॅक्टरवाला ते सोडायला तयार नसतो.

याचे दोन प्रकार आहेत. पूर्ण केजव्हील टायर काढून त्याच्या जागी बसवतात. अर्धं केजव्हील टायर तसाच ठेवून त्याच्या बाहेरच्या बाजूला जोडतात.

रस्त्याचं नेमकं काय होतं?

एक साधा हिशेब करूया. 40-45 एचपीचा ट्रॅक्टर साधारण 2 टन वजनाचा असतो. त्यातलं 1,200 किलो मागच्या चाकांवर धरलं, तर प्रत्येक चाकावर 600 किलो आले.

पूर्ण केजव्हील डांबरावर टेकतं ते लोखंडी पट्टीच्या कडेवर. ती कड अर्धा सेंटिमीटर जाड आणि 40 सेंटिमीटर लांब धरली, तर क्षेत्रफळ झालं 20 चौरस सेंटिमीटर. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर 30 किलोचा दाब. रबरी टायरचा जमिनीवरचा दाब जवळपास त्यातल्या हवेच्या दाबाइतका, म्हणजे 1 ते दीड किलो असतो. फरक वीसपट किंवा त्याहून जास्त.

आता रस्ता कसा आहे ते बघा. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतल्या अनेक रस्त्यांवर डांबरमिश्रित खडीचा वरचा थर फक्त 20 मिलिमीटरचा असतो. पट्टीनं त्याला चीर पडते. पावसाचं पाणी त्या चिरेतून आत जातं, खडीवरचं डांबर सुटतं आणि काही आठवड्यांत तिथं खड्डा तयार होतो. ट्रॅक्टर कधीचाच निघून गेलेला असतो. खड्ड्यात मात्र शाळेत जाणारी सायकल, दुचाकी किंवा रुग्णवाहिका सापडते.

दुरुस्तीचा खर्च कोण करतं? ग्रामसडक योजनेत पहिली 5 वर्षं देखभालीची जबाबदारी कंत्राटदाराची असते. पण केजव्हीलमुळे झालेलं नुकसान 'आमच्या कामातला दोष नाही' असं तो म्हणू शकतो. त्यानंतरचा भार सरकारी तिजोरीवर, आणि निधी येईपर्यंतचा त्रास गावावर.

कायदा काय सांगतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला नियम 94 टायरच्या स्थितीबद्दल आहे. वाहनाला हवेचे टायर असावेत आणि ते सुस्थितीत असावेत, असं तो सांगतो. लोखंडी चाकावर डांबरी रस्त्यानं जाणं त्यात बसत नाही. नियम 95 टायरचा साइज आणि त्यानं पेलायचं वजन यांबद्दल आहे.

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी 2019 मध्ये हेच अधोरेखित केलं. परवानगी नसलेला बदल केल्यास कलम 182 अ नुसार मालकाला 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. तुमच्या मॉडेलसाठी कंपनीनंच 12.4 आणि 13.6 असे दोन पर्याय दिले असतील तर अडचण नाही. रीलमध्ये बघून लावलेला भलताच रुंद टायर मात्र अडचणीत आणू शकतो. अपघात झाला तर विमा कंपनीही त्यावर बोट ठेवू शकते.

सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान रोखण्यासाठी 1984 चा वेगळा कायदाही आहे. त्यात 5 वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. पण नुकसान हेतूनं किंवा जाणूनबुजून केलं हे त्यात सिद्ध करावं लागतं. ऐन रोवणीत प्रत्येक ट्रॅक्टरमागे पोलीस लावणंही शक्य नाही. त्यामुळे नुसत्या दंडाच्या धाकानं हा प्रश्न सुटणार नाही.

ट्रॅक्टरवाला चाक का बदलत नाही?

कारण त्याचा धंदा तासावर चालतो. रोवणीचे दिवस मोजके असतात. पूर्ण केजव्हील काढून टायर बसवायचा म्हणजे जॅक लावा, नट खोला, जड चाक उचला. त्यात टायरमध्ये वजनासाठी पाणी भरलेलं असेल तर तो एकट्या-दुकट्याला हलतही नाही. दिवसातून तीन शेतं करायची आणि प्रत्येक वेळी हे करायचं, तर अर्धा दिवस त्यातच जातो. त्या वेळेचे पैसे शेतकरी देत नाही आणि ग्रामपंचायतही देत नाही. चाक न बदलण्याचा फायदा एकाचा, तोटा सगळ्यांचा, असं हे गणित आहे.

मग मार्ग काय?

पहिला मार्ग अर्ध्या केजव्हीलचा. त्याचा व्यास टायरपेक्षा थोडा कमी असेल, तर कडक रस्त्यावर वजन टायरवर येतं आणि लोखंड अधांतरी राहतं. चिखलात टायर थोडा रुतला की केजव्हील कामाला लागतं. विकत घेताना टायरची उंची मोजून त्यापेक्षा लहान केजव्हील घ्या. टायर झिजला किंवा हवा कमी झाली की हे अंतर संपतं, हेही लक्षात ठेवा. आणि रुंदी वाढलेली असते, त्यामुळे लांबच्या अंतराला ते काढूनच जा.

दुसरा मार्ग उंच खाचांच्या टायरचा. आर-2 प्रकारच्या टायरच्या खाचा नेहमीच्या आर-1 पेक्षा जवळपास दुप्पट खोल असतात. ते धान आणि उसासारख्या ओल्या शेतीसाठीच बनवलेले असतात. पण ट्रॉली घेऊन सतत डांबरावर चाललात तर ते लवकर झिजतात.

तिसरा मार्ग नियोजनाचा. एकाच शिवारातल्या शेतकऱ्यांनी सलग दिवस ठरवले, तर केजव्हील लावलेला ट्रॅक्टर बांधीतून बांधीत जातो आणि दिवसातून एकदाच रस्त्यावर येतो. त्यासाठी पांदण रस्ते चालू स्थितीत हवेत. सरकारी योजनांतून शेत-पांदण रस्त्यांची कामं घेता येतात. केजव्हीलचा प्रश्न ग्रामसभेत मांडताना पांदणीचा विषयही सोबत मांडायला हवा. केजव्हील ट्रॉलीत टाकून नेण्याच्या वेळेचा मोबदला गावानं एकत्र बसून ठरवला, तर भांडणही मिटतं.

चौथा मार्ग चिखलच न करण्याचा. आवत्या पद्धतीनं थेट पेरणी केली तर केजव्हील लागत नाही. पण तणाचा बंदोबस्त नीट करावा लागतो आणि प्रत्येक जमिनीला ते जमत नाही. जिथं धानानंतर लाखोळी किंवा हरभरा घेतला जातो, तिथं जमीन कमी दाबली जाण्याचा फायदा पुढच्या पिकालाही होतो.

जिवाशी खेळ नको

ट्रॅक्टर चिखलात फसला की मागच्या चाकाला लाकडाचा ओंडका बांधून काढण्याचा प्रयत्न केला जातो. हे सगळ्यात धोकादायक आहे. मागचं चाक अडकलं आणि इंजिनाची ताकद सुरूच राहिली, तर चाकाऐवजी ट्रॅक्टरचं धडच एक्सलभोवती फिरतं. पुढची चाकं उचलली जातात आणि ट्रॅक्टर चालकावर उलटतो. उडी मारायलाही वेळ मिळत नाही. फसलेला ट्रॅक्टर मागच्या दिशेनं काढा किंवा दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढा, आणि साखळी उंचावर कधीच बांधू नका.

टायर घ्यायला जाण्यापूर्वी

– वर्षभरात ट्रॅक्टर चिखलात किती तास आणि ट्रॉलीसह रस्त्यावर किती तास चालतो, ते लिहून काढा. ज्याचे तास जास्त, त्याचा टायर घ्या. उरलेल्या कामासाठी जोड वापरा.

– कंपनीच्या पुस्तिकेतले साइज बघा. त्याबाहेर जाऊ नका.

– फोर-व्हील असेल तर पुढच्या-मागच्या टायरची जोडी तपासा.

– चिखलणीपूर्वी टायरमधलं पाणी काढा. तिथं जास्तीचं वजन ट्रॅक्टरला बुडवतं.

– हवेचा दाब कामाप्रमाणे ठेवा. मागच्या टायरला शेतात साधारण 12 ते 14 पीएसआय पुरतात, भरलेली ट्रॉली ओढताना जास्त लागतात.

टायर स्वस्त झाले ही चांगलीच बातमी आहे. वाचलेल्या पैशांतून मोठा साइज घेण्यापेक्षा नीट मापाचं अर्धं केजव्हील घेतलं, तर दवनीवाड्याच्या बांधीत चिखलही होईल आणि शेजारचा रस्ताही पावसाळा काढेल.